सडपातळ माणसाचा मेद

यशवंतपूरहून मल्लेश्वरमच्या दिशेने जाणाऱ्या बसमध्ये कंडक्टर अजूनही ‘टाटा इन्स्टिट्यूट’ अशी आरोळी देतो. भारतीय विज्ञान संस्था हे तिचे अधिकृत नाव दाराच्या कमानीपुरते आणि सरकारी पत्रव्यवहारापुरते आहे. बंगळूरकरांच्या तोंडी १९०९ पासूनचे नाव बसले ते बसले. या संस्थेच्या कुंपणावरून सकाळ-संध्याकाळ जाण्याचा प्रस्तुत लेखकाचा सात वर्षांचा परिपाठ आहे, आणि एवढ्या काळात त्या कुंपणाआड आपल्या पोटाशी संबंध असलेली काही गोष्ट घडली असेल, अशी कल्पना त्याच्या मनाला शिवली नव्हती. केंद्र सरकारच्या नोकरीत बदलीने परमुलखात आलेल्या माणसाला शहराची ओळख होते ती भाड्याचे घर, शाळा, भाजीबाजार आणि कचेरी या चार ठिकाणांतून. त्यापलीकडचे शहर कळण्यास बहुधा एखादे दुखणे यावे लागते.

तसे ते गेल्या वर्षी आले. मुतखड्याची शंका आली म्हणून पोटाचे सी.टी. स्कॅन काढले. खडा लहान होता, तो यथाकाल पडूनही गेला; परंतु अहवालाच्या शेवटच्या ओळीत यकृतात मेद साठल्याची नोंद होती. माझी उंची १६८ सेंटिमीटर, वजन ६२ किलो. नोकरीत रुजू होताना झालेल्या वैद्यकीय तपासणीत याच आकड्यांसमोर समाधानकारक असा शेरा पडला होता. मी क्ष-किरणतज्ज्ञांना नम्रपणे विचारले, की नावात किंवा फिल्ममध्ये काही अदलाबदल तर झाली नाही ना? ते तरुण कानडी गृहस्थ हसले आणि त्यांनी मला पडद्यासमोर बसवून नाभीच्या पातळीवरचा माझा आडवा छेद दाखवला. कडेला त्वचेखाली करड्या रंगाचा एक पातळ पट्टा होता. त्याच्या आत स्नायूंचे कडे होते. आणि त्या कड्याच्या आत, आतड्यांच्या वेटोळ्यांभोवती, तोच करडा रंग दाट पसरला होता. “बाहेरून दिसत नाही, म्हणून नाही असे नव्हे,” एवढेच ते म्हणाले.

ते वाक्य मला लागले, कारण माझ्या घरात ते कोणी तरी तीस वर्षांपूर्वी बोलावयास हवे होते. माझे वडील सांगली जिल्ह्यातील एका गावी माध्यमिक शिक्षक होते. अंगाने काटकुळे. सेहेचाळिसाव्या वर्षी त्यांना मधुमेह निघाला तेव्हा गावच्या एका डॉक्टरांनी तो निदान म्हणून मानण्यासही प्रथम नकार दिला होता; हा लठ्ठ आणि श्रीमंत लोकांचा रोग, मास्तरांना कोठून होणार? चोपन्नाव्या वर्षी हृदयविकाराने ते गेले. समाचारास आलेला प्रत्येक जण म्हणत होता, की अंगावर तोळाभर चरबी नसलेला माणूस असा कसा गेला. या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता जो इतिहास हाती लागला, तो सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

मेद हा शब्द आपल्याकडे जुना आहे. आयुर्वेदाने त्याला सप्तधातूंत स्थान दिले. चरकसंहितेत मेदोवह स्रोतसांचे मूळ म्हणून वृक्क आणि ‘वपावहन’ यांचा निर्देश येतो. वपा म्हणजे पोटातील अवयवांवर पदरासारखा पसरलेला चरबीचा पडदा. म्हणजे त्वचेखालचा मेद आणि पोटाच्या पोकळीतील मेद वेगळे, याची जाणीव त्या काळच्या वैद्यांना असावी. परंतु त्याच चरकाने निंद्य देहांच्या आठ प्रकारांत अतिस्थूल आणि अतिकृश या दोघांनाही बसवून, त्यांतल्या त्यांत कृशता बरी, असाही निवाडा दिलेला आहे. हा निवाडा आपल्या हाडीमासी इतका मुरला, की आपली भाषासुद्धा त्याचीच झाली. ‘पोट सुटणे’ हे आपण फक्त दिसणाऱ्या पोटाबद्दल म्हणतो. खाल्लेले ‘अंगी लागले’ नाही म्हणून आईला वाईट वाटते आणि वैद्याला बरे वाटते. ते आत कोठे लागले असेल, हे विचारण्याची सोय भाषेत नाही.

युरोपातही मोजमाप सुरू झाले ते बाहेरूनच. अडॉल्फ केतले या बेल्जियन ज्योतिर्विदाने १८३५ च्या आपल्या ग्रंथात माणसांचे वजन उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते असे दाखवले. त्याला लठ्ठपणाशी कर्तव्य नव्हते. ताऱ्यांच्या सरासरीप्रमाणे ‘सरासरी माणूस’ शोधण्याचा त्याचा नाद होता. पुढे १९७२ मध्ये अमेरिकेतील अन्सेल कीज याने त्या गुणोत्तराला आज सर्वतोमुखी असलेले ‘बी.एम.आय.’ हे नाव दिले. काटा आणि उंचीची पट्टी एवढ्या सामग्रीवर उत्तर निघत असल्याने सरकारी नमुन्यांना आणि विमा कंपन्यांना हे माप फार मानवले. कारकुनाच्या दृष्टीने याहून सुटसुटीत रकाना दुसरा नाही, हे मी अनुभवाने सांगतो. पण वजन हाडाचे, स्नायूचे की चरबीचे, आणि चरबीचे असल्यास कोठल्या चरबीचे, याबद्दल हा रकाना मूक आहे.

मेद किती यापेक्षा मेद कोठे याला महत्त्व आहे, हे आधुनिक काळात प्रथम आग्रहाने सांगितले ते मार्सेय येथील जाँ व्हाग या डॉक्टरने, १९४७ साली. कमरेच्या वर साठणारा पुरुषी वळणाचा मेद मधुमेह आणि धमन्यांच्या विकाराकडे नेतो, मांड्या-नितंबांवरचा तितका नेत नाही, असे त्याचे म्हणणे होते. बराच काळ त्याच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे १९१३ साली जन्मलेल्या पुरुषांच्या पाहणीचे निष्कर्ष १९८४ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा कंबर आणि नितंब यांच्या घेरांचे गुणोत्तर हृदयविकाराचे भाकीत वजनापेक्षा बरे करते असे दिसले, आणि व्हागची आठवण निघाली. तरीही साधन होते ते शिंप्याचेच, म्हणजे मापाची फीत. फितीला घेर कळतो. घेराच्या आतले स्तर कळत नाहीत.

आत शिरण्याचा एक मार्ग आर्किमिडीजचा होता. मेद पाण्याहून हलका, बाकीचे शरीर जड. तेव्हा माणसाला हवेत आणि पाण्याखाली अशा दोन वेळा तोलले की शरीरातील मेदाचा वाटा गणिताने निघतो. अमेरिकन नौदलातील आल्बर्ट बेंकी याने १९४२ मध्ये ही रीत रूढ केली. आपल्या बंगळूरातही सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात प्रकाश शेट्टी, अनुरा कुर्पाड आणि त्यांचे सहकारी यांनी भारतीयांच्या देहघटनेचा चिकाटीने अभ्यास केला. पूर्ण श्वास सोडून पाण्याखाली निश्चल बसावयाचे, आणि वर बसलेल्याने काटा वाचावयाचा! परंतु त्या काळच्या शास्त्रज्ञांपुढील खरा प्रश्न भुकेचा होता. १९८८ मध्ये बी.एम.आय. साडेअठराच्या खाली असणे हे दीर्घकालीन उपासमारीचे लक्षण मानावे असा प्रस्ताव आंतरराष्ट्रीय पातळीवर पुढे आला, आणि शेट्टी यांनी त्या विचारात मोठा भाग घेतला. भारतीय देह म्हटला की तो अपुरा असणार, हे गृहीत त्या वेळी चुकीचे नव्हते. शिवाय पाण्याच्या हौदाला एकूण मेद सांगता येतो, पोटाच्या भिंतीच्या अलीकडचा किती आणि पलीकडचा किती, हे नाही.

आता टाटा इन्स्टिट्यूटच्या कुंपणाकडे वळू. रॉंटगेनने १८९५ मध्ये क्ष-किरण शोधले, पण त्यांचे चित्र म्हणजे सावली. पोटातील सारे काही एकमेकांवर चढून एकाच सावलीत मिसळते. अनेक बाजूंनी सावल्या घेतल्या तर मूळ वस्तूचा छेद पुन्हा उभा करता येईल काय? आपल्या वर्गाला कळेल अशा भाषेत मांडावयाचे, तर एखाद्या मोठ्या खातेवहीच्या पानावरील सर्व रकमा पुसल्या गेल्या आहेत, आणि आडव्या, उभ्या व प्रत्येक तिरकस ओळीची फक्त बेरीज शिल्लक आहे. त्यांवरून प्रत्येक घरातील रक्कम काढून द्यावयाची. हे तत्त्वतः शक्य आहे हे योहान राडोन या ऑस्ट्रियन गणितज्ञाने १९१७ मध्येच सिद्ध केले होते. प्रत्यक्षात मात्र प्रत्येक बेरीज आपल्या ओळीवर सारखी पसरून देत गेल्यास चित्र उमटते, पण ते शाई फुटल्यासारखे पुसट.

गोपालसमुद्रम नारायण रामचंद्रन हे सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांचे शिष्य. कोलॅजेन या प्रथिनाच्या तिपेडी रचनेमुळे मद्रासला असतानाच त्यांची कीर्ती झाली होती. सत्तरच्या सुमारास ते बंगळूरला आले आणि विज्ञान संस्थेत रेणवीय जीवभौतिकीचा विभाग त्यांनी उभारला. शिकागो विद्यापीठाशीही त्यांचा त्या वेळी संबंध होता. ए. व्ही. लक्ष्मीनारायणन् यांच्यासह त्यांनी लिहिलेला पाच पानांचा निबंध अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या मासिकात सप्टेंबर १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येक सावली ओळीवर पसरण्यापूर्वी तिला एका गणिती गाळणीतून काढावी, म्हणजे तिच्या कडा धारदार होतात, आणि मग पसरलेल्या सावल्यांतून स्वच्छ छेद उभा राहतो. फूरिए यांच्या लांबलचक गणिताची गरज उरत नाही, आणि गणकयंत्राचा वेळही वाचतो. ही त्या निबंधाची मध्यवर्ती कल्पना. त्या गाळणीला दोघांच्या नावांची आद्याक्षरे जोडून ‘राम-लॅक’ म्हणतात. अभियांत्रिकीच्या मुलांना ती आजही शिकवली जाते. बहुतेकांना ‘राम’ कोण आणि ‘लॅक’ कोण हे ठाऊक नसते.

येथे देशाभिमानाने भलतेच विधान करण्याचा मोह आवरला पाहिजे. रेडिओ-खगोलशास्त्रातील ब्रेसवेल आणि रिडल यांना १९६७ मध्ये हीच वाट सापडली होती. आणि सी.टी. यंत्र बंगळूरात जन्मले नाही. ते इंग्लंडात ई.एम.आय. या ध्वनिमुद्रिकांच्या कंपनीत काम करणाऱ्या गॉडफ्रे हाउन्सफील्ड याचे, आणि त्याच्या पहिल्या यंत्राची गणिती पद्धत निराळी होती. लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात १ ऑक्टोबर १९७१ रोजी पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा छेद घेतला गेला, म्हणजे रामचंद्रन यांचा निबंध प्रसिद्ध झाल्यावर काही दिवसांतच. दोघे एकमेकांपासून स्वतंत्र होते. हाउन्सफील्ड आणि कॉर्मॅक यांना १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पण यंत्रे जलद झाली, डोक्यावरून सबंध देहावर आली, तेव्हा पुढील कित्येक दशके त्यांच्या पोटातील गणित गाळणीचेच होते. माझा छेद पडद्यावर उभा राहिला त्यातही त्या पाच पानांचा अंश असणे संभवते, आणि मी मात्र सात वर्षे कंडक्टरला सुटे पैसे देण्यात मग्न होतो.

मेदमापनाला हे यंत्र उपयोगी पडले ते एका सोयीमुळे. हाउन्सफील्डच्या मोजपट्टीवर पाणी शून्य आणि हवा उणे एक हजार. स्नायू शून्याच्या वर जातो, मेद शून्याच्या खाली, उणे शंभराच्या आसपास. तेव्हा छेदातील ज्या ठिपक्यांचा आकडा साधारण उणे १९० ते उणे ३० यांमध्ये पडतो, ते मेदाचे ठिपके असे समजून गणकयंत्राने मोजावेत. स्नायूंच्या कड्याच्या बाहेरचे त्वचेखालील, आतले आंतरिक. जपानातील ओसाका विद्यापीठात यूजी मात्सुझावा आणि त्यांचे सहकारी यांनी १९८३ मध्ये ही पद्धत मांडली. त्या सुमारास अमेरिकेत आणि पुढे स्वीडनमध्येही असेच काम झाले, पण ओसाकाकरांनी तो विषय तडीस नेला. १९८७ मध्ये त्यांनी दाखवले, की तितक्याच लठ्ठ माणसांतही ज्यांचा आतला मेद बाहेरच्या मेदाच्या मानाने अधिक, त्यांच्या रक्तातील साखर आणि चरबी अधिक बिघडलेली असते.

त्यांच्या निरीक्षणांतले सर्वांत मनोवेधक आहे ते सुमो पैलवानांचे. एवढी अवाढव्य शरीरे, पण रोजचा कठोर सराव चालू असताना त्यांचा मेद बहुतांशी त्वचेखाली असतो. स्नायूंच्या कड्याच्या आत थोडाच, आणि साखरही ठीक. म्हणजे ज्याला पाहून आपण हळहळावे तो बरा, आणि ज्याच्या अंगकाठीचा हेवा करावा तो आतून पोखरलेला! जपानने पुढे नाभीच्या छेदात आंतरिक मेदाचे क्षेत्र शंभर चौरस सेंटिमीटर ही धोक्याची सीमा ठरवली, आणि तिला अनुरूप अशी कंबर पुरुषांना ८५ व स्त्रियांना ९० सेंटिमीटर. २००८ पासून तेथे चाळीस ते चौऱ्याहत्तर वयाच्या नागरिकांच्या तपासणीत कंबर मोजण्याचा प्रघात पडला. सरकारने प्रजेच्या कमरपट्ट्यावर नजर ठेवावी की नाही, हा वाद वेगळा.

आतला मेद एवढा घातक का, याविषयी शास्त्रज्ञांत पूर्ण एकमत नाही. त्याचे रक्त थेट यकृताकडे जाते, म्हणून त्यातून सुटलेली स्निग्धाम्ले यकृताला प्रथम गाठतात, हा एक विचार. दुसरा असा, की त्वचेखालची कोठारे अपुरी पडली म्हणजे उरलेला मेद पोटात, यकृतात, स्नायूंत जागा शोधतो. तो चोर नसून घर अपुरे असल्याची खूण आहे. मला दुसरा विचार अधिक पटतो. तो पुढील हकीकतीशी जुळतो.

लंडनच्या साउथॉल भागातील पाहणी १९९१ मध्ये मकीग, शाह आणि मार्मट यांनी ‘लान्सेट’मध्ये प्रसिद्ध केली. भारतीय उपखंडातून आलेल्या चाळिशीपुढील लोकांत शेकडा १९ जणांना मधुमेह, तेथील युरोपीयांत ४. आणि वजनाच्या मानाने आपल्या लोकांची कंबर मोठी. त्यानंतर याच नियतकालिकात २००४ साली एका पानाचा, दोन आकृत्यांचा लेख आला. लेखक दोघे: पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांच्या आडनावांचे इंग्रजी आद्याक्षर एक, आणि बी.एम.आय.ही एक, २२.३. दोन शक्तींच्या क्ष-किरणांनी शरीरातील मेद मोजणाऱ्या यंत्रात दोघेही निजले. युडकिन यांचा मेद शेकडा ९.१ निघाला, याज्ञिक यांचा २१.२. युडकिन मॅरेथॉन धावतात, आणि आपला व्यायाम म्हणजे रोज सकाळी रुग्णालयाच्या मिटत्या लिफ्टमागे धावणे, अशी मिस्किल कबुली याज्ञिकांनी तेथे दिली आहे. त्याबरोबर आणखी एक कबुली आहे, ती गंभीर: आपले जन्मवजन कमी होते. एका मराठी डॉक्टराने स्वतःच्या देहाचे चित्र जगापुढे मांडून जे एका दृष्टिक्षेपात पटवले, ते मोठमोठ्या कोष्टकांनी पटले नसते.

जन्मवजनाची गोष्ट पुण्याजवळच्या सहा गावांतून आली होती. तेथे १९९३ पासून याज्ञिक आणि त्यांचे सहकारी गरोदर स्त्रिया व त्यांची मुले यांचा अभ्यास करीत होते. पूर्ण दिवस भरून जन्मलेल्या त्या मुलांचे सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडातील साउदम्प्टनच्या मुलांचे ३.५. ही मुले सर्वच मापांत लहान होती, स्नायू आणि पोटातील अवयव फार लहान. परंतु पाठीवरच्या त्वचेखालचा मेद त्या मानाने राखलेला. कृश आणि तरीही मेदयुक्त. पुढे २००९ मध्ये पुणे आणि लंडन येथील नवजात बालकांची चुंबकीय पद्धतीने चित्रे घेतली, तेव्हा पुण्याच्या बालकांत एकूण मेद लंडनइतकाच, पण पोटाकडे अधिक वळलेला आढळला. उपाशी आईच्या गर्भाने जे मिळाले त्यातून कंजूषपणे साठवले, असा याचा अर्थ लावतात. सेंट जॉन्सचे भुकेचे संशोधन आणि ओसाकाचे सुबत्तेचे संशोधन मला येथे एकाच खात्याच्या जमा आणि नावे या दोन बाजू वाटू लागतात. माझ्या वडिलांचा जन्म १९५३ मधला, दुष्काळी टापूतला, सहा भावंडांतला पाचवा. त्यांचे जन्मवजन कोणी केले नाही.

प्रत्येकाचा छेद काढावा असे कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. सी.टी.मध्ये किरणांची मात्रा पडते. चुंबकीय यंत्रात ती नाही, पण खर्च आहे. म्हणून चित्रांनी जे शिकवले ते पुन्हा फितीवर उतरवावे लागले. भारतीयांसाठी पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर ही कमरेची मर्यादा, आणि बी.एम.आय. पंचवीसऐवजी तेविसापासूनच सावध होणे, हे २००९ च्या भारतीय तज्ज्ञांच्या सहमतीत आले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने २०१९ ते २०२१ च्या फेरीत प्रथमच कंबर आणि नितंब यांची मापे घेतली. माझी कंबर ८९ भरते. क्ष-किरणतज्ज्ञांनी ती मोजली नाही. मी मल्लेश्वरमच्या आठव्या क्रॉसवर फीत घेतली आणि घरी मोजली.

तीच फीत घेऊन दिवाळीला गावी गेलो. आईने वडिलांच्या दोन पँटी ट्रंकेत जपून ठेवल्या आहेत. एक लग्नातली, एक शेवटच्या वर्षातली. जुन्या कागदांत त्यांच्या वजनाच्या दोन चिठ्ठ्या सापडल्या: नोकरीच्या आरंभी ५७ किलो, शेवटच्या वर्षी ६१. चार किलो म्हणजे काहीच नव्हे, असे कोणीही म्हणेल. लग्नातल्या पँटीची कंबर ३० इंच होती. दुसरीची मोजली. आतून दोनदा उसवून शिंप्याने तिला पट्ट्या लावल्या होत्या, आणि ती ३६ भरली.